नऊ पॉइंट चार

रसायनशास्त्र विभाग,
सोमवार, १७ ऑगस्ट १९९८

आदरणीय भणगे सर,
सा. न.

मी वृषाली गोंदकर. एक्क्याण्णव साली बी.एस्सी. झालेली तुमची विद्यार्थिनी. ब्युरेट भरताना फनेल काढायला विसरायची आणि तुम्ही प्रत्येक वेळी बोट दाखवायचात, ती मी. जूनपासून मी आपल्याच कॉलेजात लागले आहे. तुम्ही निवृत्त झाल्यावर वर्षभर रिकामी होती ती जागा मला मिळाली. खुर्चीसुद्धा तुमचीच आहे. तिचा डावा हात अजून हलतो.

एफ.वाय.च्या प्रॅक्टिकलच्या दोन बॅचेस माझ्याकडे आहेत. पहिल्या दिवशी मी सगळं फळ्यावर लिहून दिलं. वर्षभरात चोवीस प्रयोग, प्रत्येकाची नोंद त्याच आठवड्यात, पंच्याहत्तर टक्के हजेरी, आणि मार्चच्या आत जर्नलवर प्रमाणपत्र. प्रमाणपत्र नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येणार नाही. हे शेवटचं वाक्य बोलताना माझा आवाज मला तुमच्यासारखा वाटला.

पत्र लिहायला कारण वेगळंच आहे. आपल्या हजेरीपटावर बेचाळीसनंतर एकदम चव्वेचाळीस येतो. मी कार्यालयात विचारलं तर क्लार्क म्हणाला, "भणगे सरांनी पाडलेली पद्धत आहे, आम्ही चालू ठेवली." प्रयोगशाळेतही खिडकीजवळची त्रेचाळीस नंबरची जागा कोणाला देत नाहीत. एवढंच असतं तर मी तुम्हाला त्रास दिला नसता. पण दर गुरुवारी सकाळी मी कुलूप उघडते तेव्हा त्या जागेवर स्टँडला ब्युरेटची काचनळी लावलेली असते, खाली पांढरी फरशी, आणि फरशीवर फ्लास्क. फ्लास्कमधलं पाणी फिकट गुलाबी असतं. कोणीतरी नुकतंच टायट्रेशन संपवून उठल्यासारखं. बुधवारी दुपारनंतर तिथे एकही बॅच नसते. मुलांना विचारलं तर ती एकमेकांकडे बघतात.

मी घाबरट नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. पण गुरुवारी दार उघडायच्या आधी मी आता जरा थांबते. तुम्हाला काही माहीत असेल तर कळवा.

आपली,
वृषाली

•

देवळाली प्रवरा,
२४ ऑगस्ट १९९८

चि. वृषाली,
अनेक आशीर्वाद.

तुझी नेमणूक झाल्याचं वाचून आनंद वाटला. त्या खुर्चीला सुताराची गरज आहे हे मी चार वर्षं लिहून देत होतो.

त्रेचाळीस नंबरच्या जागेचं सिंक गळतं. मुलांचे कपडे खराब होत, म्हणून ती जागा बंद केली आणि हजेरीचा घोळ नको म्हणून नंबरही वगळला. त्यात आणखी काही नाही. गुलाबी रंगाचं म्हणशील तर कोणीतरी फ्लास्क न धुता ठेवत असेल. आपल्या शिपायाला, गोरक्षनाथला, ताकीद दे. त्याचं वय झालं आहे.

तू अभ्यासाकडे लक्ष दे. पहिली दोन वर्षं शिकवणं जमायलाच जातात. मी बरा आहे. डोळे थोडे दुखतात.

तुझा,
केशव भणगे

•

रसायनशास्त्र विभाग,
५ सप्टेंबर १९९८

आदरणीय सर,
सा. न.

आज शिक्षक दिन. मुलांनी फुलं आणली. तुमची आठवण झाली, आणि थोडा रागही आला. तो का, ते लिहिते.

सिंक गळत नाही, सर. मी बादली लावून अख्खा दिवस पाहिलं.

गेल्या गुरुवारी मी नेहमीपेक्षा तासभर आधी आले. दार आतून नुसतं लोटलेलं होतं. त्रेचाळीस नंबरपाशी गोरक्षनाथ मामा उभे होते. एका हातात फ्लास्क, दुसरा हात ब्युरेटच्या चावीवर. थेंब थेंब सोडत होते आणि फ्लास्क हलवत होते, अगदी आपण शिकवतो तसं. रंग आला तशी त्यांनी चावी बंद केली आणि वाकून रीडिंग पाहिलं. मग मला पाहिलं.

मी म्हटलं, "मामा, हे काय?"

ते म्हणाले, "काय न्हाई म्याडम. एका पोरीचं काम अर्धं ऱ्हाईलंय."

"कोणाची पोरगी?"

"ते भणगे सरास्नी इचारा." एवढं बोलून त्यांनी फ्लास्क होता तसा खाली ठेवला आणि ते झाडू आणायला गेले. त्या दिवसापासून माझ्याशी नजर मिळवत नाहीत.

काल जुन्या जर्नलांचं कपाट लावायला काढलं. तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक जर्नल मिळालं. कु. प्रज्ञा सहादू भिंगारदिवे, एफ.वाय.बी.एस्सी., १९९३-९४, रोल नंबर ४३. चोवीसच्या चोवीस प्रयोग पूर्ण आहेत. अक्षर असं की मला माझ्या जर्नलची लाज वाटली. पहिल्या पानावरचं प्रमाणपत्र कोरं आहे. त्याखाली लाल शाईत तुमचं अक्षर: 'रीडिंग दुसऱ्याच्या जर्नलमधून उतरवलेली. टर्म मंजूर नाही.'

सर, ही मुलगी कोण होती? आणि तिचं काय झालं?

आपली,
वृषाली

•

देवळाली प्रवरा,
१४ सप्टेंबर १९९८

चि. वृषाली,
आशीर्वाद.

तुझं पत्र आठ दिवस टेबलावर होतं. सिंकचं मी खोटं लिहिलं. आता काही लपवत नाही.

प्रज्ञा पाथर्डीच्या पुढच्या करंजवाडीची. आईवडील दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. ती तालुक्यात गोजरबाई नावाच्या आत्याकडे राहून शिकत होती. अंगाने बारीक, बोलायची कमी. डिसेंबरमध्ये आई आजारी पडली म्हणून ती ऊसतोडीच्या तळावर गेली आणि तिची तीन प्रॅक्टिकल्स बुडाली. परत आल्यावर शनिवारी दुपारी बसून तिने ती भरून काढली. तिथे मी नव्हतो, फक्त गोरक्षनाथ होता.

मार्चमध्ये जर्नल तपासताना तिची आणि चव्वेचाळीस नंबरच्या तुषारची टायट्रेशनची रीडिंग्ज एकसारखी निघाली. तुषार म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांचा, आप्पासाहेबांचा, पुतण्या. दोघांपैकी एकाने उतरवलं होतं हे उघड होतं. तिचे तीन प्रयोग माझ्या गैरहजेरीत झालेले, म्हणून मी ठरवलं की तिनेच उतरवलं. प्रमाणपत्र नाकारलं. त्यामुळे ती परीक्षेला बसू शकली नाही.

ती स्टाफरूममध्ये आली. रडली नाही. म्हणाली, "सर, मी परत करून दाखवते. तुमच्या समोर. कुठलाही प्रयोग सांगा." मी म्हणालो, "मुदत संपली आहे. नियम सगळ्यांना सारखा." तिने जर्नल माझ्या टेबलावर ठेवलं, कडा सरळ केल्या आणि गेली.

पुढच्या जानेवारीत कोणीतरी सांगितलं की ती वारली. विहिरीत उडी टाकली म्हणे. मी जास्त विचारलं नाही. मला विचारवलं नाही.

त्यानंतरच्या जूनमध्ये नव्या वर्गाची हजेरी घेताना मी "त्रेचाळीस" म्हणालो आणि "हजर, सर" असं स्पष्ट ऐकू आलं. मी मान वर केली. त्या नंबरचा मुलगा त्या दिवशी आलाच नव्हता, आणि बाकी कोणी काही ऐकलं नव्हतं. असं तीनदा झालं. मग मी तो नंबर बंद केला. तुला म्हाताऱ्याचा भ्रम वाटेल. वाटू दे. इथे भर दुपारी धुण्याच्या बादलीत एखादं लाल कापड रंग सोडतं, पाणी जरा गुलाबी होतं, आणि मला अंगणातून उठून आत जावं लागतं.

केशव भणगे

•

रसायनशास्त्र विभाग,
२१ सप्टेंबर १९९८

आदरणीय सर,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. नंतर गोरक्षनाथ मामांना खुर्ची देऊन समोर बसवलं. ते आधी बसेनात.

प्रज्ञाने विहिरीत उडी टाकली नाही. हे तुम्हाला पहिल्यांदा सांगायला हवं. ती कावीळ होऊन गेली. नोव्हेंबरमध्ये आईवडिलांबरोबर तोडीला गेली होती. कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत, आठ दिवस ताप अंगावर काढला. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. मामा आत्याबाईंना ओळखतात, त्यांच्याकडून त्यांना कळलं. चार वर्षं तुम्ही जे डोक्यात घेऊन बसलात ते घडलंच नव्हतं. एका माणसाला विचारलं असतंत तर कळलं असतं.

आता जर्नलबद्दल. ऑक्झॅलिक ॲसिड आणि कॉस्टिक सोडा, प्रयोग क्रमांक सात. दोन्ही द्रावणं एकाच ताकदीची, त्यामुळे दहा मिली ॲसिडला दहा मिलीच सोडा लागायला हवा. वर्गातल्या सगळ्यांचं उत्तर दहाच्या आसपास आहे. प्रज्ञाचं तीन वेळा ९.४. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलंय: 'तीनदा केले. १०.० यायला हवे. मला ९.४ येते. ब्युरेट बदलून पाहावी का? सरांना विचारणे.' त्याच कपाटातल्या तुषारच्या जर्नलातही तीनदा ९.४ आहे, आणि त्याच्यावर तुमची सही आहे. तिच्या प्रत्येक टायट्रेशनमध्ये उत्तर त्याच प्रमाणात कमी आहे. त्याच्याही.

मी मामांना ती ब्युरेट मागितली. त्यांनी ती वेगळी ठेवली आहे, दर गुरुवारी, तिच्या बॅचच्या वाराला, तीच लावतात. मी स्वतः टायट्रेशन केलं. नऊ पॉइंट चार. चव्वेचाळीस नंबरच्या ब्युरेटने केलं. दहा. सर, त्या ब्युरेटवरच्या खुणाच चुकीच्या आहेत. जी मुलगी त्रेचाळीस नंबरला बसून खरं काम करेल तिला ९.४ च येणार. तुषारची ब्युरेट चांगली होती. त्याला ९.४ कुठून मिळालं? आणि तिला लबाडीच करायची असती तर तिने सरळ दहा लिहिलं असतं. चुकीचं दिसणारं रीडिंग तसंच लिहून ठेवायला धाडस लागतं. शनिवारचे तीन प्रयोगही तिने मामांसमोर एकटीने केले. मी विचारलं, "मामा, तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?" ते म्हणाले, "मी शिपाई मानूस. मला कोन इचारतंय? सरांनी इचारलं असतं तर सांगितलं असतं."

एक गोष्ट विचारायला हात जड होतोय, पण विचारते. ते जर्नल वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटाच्या तळाशी कोणी ठेवलं? ते वर्तमानपत्र १९ जून ९४ चं आहे.

वृषाली

•

देवळाली प्रवरा,
२५ सप्टेंबर १९९८

चि. वृषाली,

मीच ठेवलं.

कावीळ. हा शब्द मी दिवसभर मनात घोळवतो आहे. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. विहीर होती तोवर माझा गुन्हा एका क्षणाचा होता. आता तो मार्चपासून ती जाईपर्यंतच्या दहा महिन्यांचा झाला.

जूनमध्ये दरवर्षी मी सामान तपासायचो. त्या साली प्रत्येक ब्युरेट पाण्याने भरून, सोडलेलं पाणी तराजूत तोलून पाहिली. त्रेचाळीस नंबरची पाहिली आणि हात थांबला. तिच्या रीडिंगचं कारण माझ्यासमोर होतं. मी दार लावून घेतलं. तिचं जर्नल काढलं, समासातली ती पेन्सिलीची ओळ तेव्हा पहिल्यांदा वाचली. 'सरांना विचारणे.' तिने विचारलं होतं, वृषाली. नोव्हेंबरमध्ये. मी म्हणालो होतो, "रीडिंग नीट घे, ब्युरेटला दोष देऊ नकोस."

तेव्हा मी प्राचार्यांकडे जाऊ शकत होतो. ऑक्टोबरला परीक्षा होती, विद्यापीठाला लिहून काही करता आलं असतं. निदान तिला एक कार्ड टाकता आलं असतं. पण तसं केलं तर तुषारचं प्रमाणपत्र खोटं ठरत होतं, त्यावर माझी सही होती, आणि तो पास होऊन दुसऱ्या वर्षाला गेला होता. विभागप्रमुखपद त्याच महिन्यात ठरायचं होतं. मी जर्नल गुंडाळलं. ब्युरेट फोडून टाक म्हणून गोरक्षनाथला दिली. त्याने फोडली नाही हे मला तुझ्या पत्रातून कळलं.

इतकं लिहिलं आहे तर उरलेलंही लिहितो. मला जूनमध्ये कळलं असं मी स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. मला मार्चमध्येच कळलं होतं. दोन्ही जर्नलं शेजारी ठेवली तेव्हाच. तुषारच्या जर्नलात एके ठिकाणी तिच्या आकड्यातली खाडाखोडसुद्धा तशीच उतरलेली होती. आदल्या दिवशी आप्पासाहेब जिन्यात भेटले होते, खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "आमच्या पोराकडे लक्ष ठेवा, सर." त्यांनी काही मागितलं नव्हतं. मीच दिलं.

दोघांचीही टर्म रोखली असती तर प्रश्न आला असता. एकाची रोखली, कोणी काही बोललं नाही.

केशव भणगे

•

रसायनशास्त्र विभाग,
२९ सप्टेंबर १९९८

सर,

तुम्ही मला शिकवलंत. वहीत खाडाखोड असेल तर ती दिसू द्यायची, पांढरी शाई लावायची नाही, हे तुम्हीच सांगितलं होतं. मी अजून मुलांना तेच सांगते.

मी एक अर्ज तयार केला आहे. १९९४ मध्ये प्रज्ञा भिंगारदिवेची टर्म चुकीने नाकारली गेली, जर्नल खरं होतं, याची कॉलेजने नोंद घ्यावी आणि तिच्या घरी तसं लेखी कळवावं. सोबत माझी रीडिंग्ज जोडली आहेत. तुमच्या सहीचं निवेदन लागेल. कागद पाठवते आहे.

पण त्याआधी तुम्ही तिच्या घरी जायला हवं. पत्राने नाही, स्वतः. मामांनी चौकशी केली. आईवडील सध्या गावातच आहेत. दिवाळी झाली की टोळी निघेल, मग एप्रिलपर्यंत भेटणार नाहीत. वडिलांचं नाव सहादू, आईचं गीताबाई. पाथर्डीहून पुढच्या गाडीने करंजवाडी फाट्यावर उतरायचं.

मी बरोबर यावं का असं मनात आलं होतं. नको. तुम्ही एकट्यानेच जा.

वृषाली

•

देवळाली प्रवरा,
६ ऑक्टोबर १९९८

चि. वृषाली,
आशीर्वाद.

तुझा कागद परत पाठवतो आहे, सही न करता. हे पत्र पूर्ण वाच, मग माझ्याविषयी हवं ते ठरव.

रविवारी गेलो. फाट्यावर उतरलो तेव्हा अकरा वाजले होते. बाजरी काढून झालेली रानं, बांधावर बाभळी. मैलभर चालल्यावर वस्ती लागली. विहाराच्या मागे पत्र्याच्या दोन खोल्या. सहादू दारात कोयत्याला मूठ बसवत होता. माझ्यापेक्षा लहान असावा, पण दिसायला मोठा. मी नाव सांगितलं तसा तो उठून उभाच राहिला.

"जय भीम. केमिस्ट्रीचे भणगे सर ना तुमी? लई नाव घ्यायची तुमचं. अवं, सर आल्यात प्रज्ञाचे!"

आत नेऊन त्याने मला एकुलत्या खुर्चीवर बसवलं. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी तिचा फोटो. ओळखपत्रावरचा, मोठा करून घेतलेला. खाली रंगाने लिहिलेलं होतं: 'कु. प्रज्ञा सहादू भिंगारदिवे, एफ.वाय.बी.एस्सी. पास.'

मी ती ओळ कितीदा वाचली सांगता येत नाही.

"वस्तीतली पयली सायन्सवाली," सहादू म्हणाला. "निकाल लागला तवा विहारात सत्कार केला तिचा. म्या पेढं वाटलं. आन मंग मीच नेली तिला तोडीला. तिच्या आईच्या हाताला लागलं हुतं, कोयत्याला दोगं लागत्यात, जोडी न्हवती. म्हनलं, एक साल थांब पोरी, फुडल्या साली दुसऱ्या वर्साला घालतो. थांबली. कायबी बोलली न्हाई. पास झालेली पोरगी म्या रानात नेली, सर."

तो इतकी वर्षं हे धरून बसला होता. मी खरं सांगितलं असतं तर त्याचं हे ओझं उतरलं असतं. दुसऱ्या वर्षाची वाट त्याने अडवली नव्हती, ती मी आधीच बंद केली होती. पण त्याच श्वासात भिंतीवरची ओळही पुसली गेली असती. मी तोंड उघडलं.

"चला सर," गीताबाई दारातून म्हणाली. इतका वेळ ती पाण्याचा तांब्या घेऊन तिथेच उभी होती. "फाट्यापतुर येते. यष्टी चुकंल."

गाडीला पाऊण तास होता. ती माझ्यापुढे चालत राहिली. वस्ती मागे पडल्यावर थांबली.

"तुमी काय सांगाया आलाय ते मला ठावं हाय," ती म्हणाली. "निकालाच्या दिशी तिनं मला सांगितलं. आई, माझा निकालच न्हाई. मला परीक्षेला बसू दिलं न्हाई. पन बाला सांगू नको, त्यानं समद्या गावाला आदीच सांगून ठिवलंय."

तिने पदर डोक्यावर सारखा केला.

"मी म्हनले, जा, सरांचं पाय धर. तर न्हाई म्हनली. म्या चोरी केली न्हाई, पाय कशापाई धरू? सर हुशार हाइत. त्यांच्या आपसूक ध्यानात येईल. मंग ते पत्र धाडतील." गीताबाई रस्त्याकडे बघत बोलत होती. "जून गेला, आखाड गेला. पोस्टमनची सायकल वाजली की ती उंबऱ्यात यायची. तोडीला निघालो तवा पोस्टात जाऊन तळाचा पत्ता देऊन आली. तापात पडली तरी इचारायची, आई, माझं काय टपाल हाय का?"

मी म्हणालो, "बाई, मला जूनमध्ये कळलं होतं. त्याच्याही आधी कळलं होतं."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलं. "मंग?"

मी बांधावरच्या बाभळीच्या सावलीत सरकलो.

"मंग लिवलं का न्हाई?"

वृषाली, ती ओरडली नाही. साधं विचारावं तसं विचारलं. तुला मी चार पानं कारणं लिहिली. तिच्यासमोर त्यातलं एकही तोंडातून निघेना. प्राचार्य, आप्पासाहेब, विभागप्रमुखपद, त्या बाभळीखाली हे शब्द उच्चारण्यासारखे नव्हते. मी म्हणालो, "घाबरलो."

ती फाट्याकडे चालायला लागली. मग म्हणाली, "तुमी आलात, तोंडानं बोललात, ते ऐकलं मी. आता ह्यांना काय सांगू नका. त्यांच्या लेखी पोरगी पास हुन गेली, तेवढं ऱ्हाऊ द्या. कागदबिगद धाडू नका, हे वाचून घेतील कोनाकडून तरी. आन तुमी परत येऊ नका."

म्हणून सही नाही. ही माझी आणखी एक पळवाट आहे असं तुला वाटलं तर मला तुझ्याशी वाद घालता येणार नाही. मलाही ती तशी वाटते. तुला अर्ज द्यायचाच असेल तर तो अडवण्याचा हक्क मला नाही. पण गीताबाईचे शब्द मी तुझ्यापर्यंत पोहोचवले आहेत. या वर्षीच्या मुलांचं मात्र तुझ्या हातात आहे. कोणाचं जर्नल नाकारायची वेळ आली तर कारण लेखी दे, आणि त्या मुलाला तुझ्यासमोर एकदा प्रयोग करू दे. अर्धा तास लागतो. मी तो दिला नाही.

आम्ही फाट्यावर पोहोचलो. गाडी दिसत होती आणि मागून हाक आली. सहादू जवळजवळ पळत येत होता. धापा टाकत म्हणाला, "सर, एक इचारायचं ऱ्हाईलंच. पास झाली एवढंच ती बोलली. तुमच्या इषयात किती पडलं ते कवा सांगितलंच न्हाई तिनं. तुमाला याद असंल."

गीताबाई माझ्याकडे बघत होती.

मी एकतीस वर्षं मार्क दिले. हजारो पोरांना दिले.

"शंभरात अठ्ठ्याऐंशी," मी म्हणालो.

"अठ्ठ्याऐंशी," त्याने ओठातल्या ओठात म्हटलं. मग पुन्हा, मोठ्याने. आणि एकदम कपाळाला आठी घालून, पोरीच्या वतीने भांडायला आल्यासारखा, "आन बारा कशात गेले, सर?"

"ते माझ्यामुळं गेले. तिची चूक नव्हती."

तो हसला. मी थट्टा केली असं त्याला वाटलं. "ऐकलं का गं? अठ्ठ्याऐंशी!"

"ऐकलं," गीताबाई म्हणाली.

गाडीत चढलो. मागच्या खिडकीतून दिसलं, सहादू फाट्यावरच्या पानटपरीवाल्याला हातवारे करून काहीतरी सांगत होता. ती परत वस्तीकडे चालायला लागली होती.

केशव भणगे